भिकूदादाची डोली

भर मे महिन्यात पोलादपूरच्या बाजारात निळा लोकरीचा कोट घालून हिंडणारा माणूस एकच होता. बाजारातली कुत्रीसुद्धा गाड्यांच्या सावलीला जीभ काढून पडलेली असायची, आणि हा गृहस्थ गळ्यापर्यंत गुंड्या लावून वांगी निवडत उभा. कोटाच्या खिशावर मुंबईच्या एका गिरणीचं चिन्ह पिवळ्या रेशमाने भरलेलं, त्यातलं अर्धं उसवलेलं. कोटाखाली गुडघ्यापर्यंत धोतर, पायात काही नाही. उजवा गुडघा वाकत नसे, म्हणून तो पाय बाहेरून फिरवून पुढे आणायचा. शेजारून चालणाऱ्याला जरा लांबूनच चालावं लागे. कोणी विचारलं, "भिकूदादा, उकडत नाय का?" तर म्हणायचा, "उकडतंय ना. पण तुला दिलाय का गिरणीनं असला कोट? नाय ना? मग मला गप उकडून घेऊ दे."

तोंडावर आम्ही त्याला अहोजाहो करायचो. पण आठवणीत हा माणूस अरेतुरेनेच येतो, त्याला माझा इलाज नाही.

मी तेव्हा पोलादपुरात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. घर वरच्या अंगाला, खडकवाडीत. आंबेनळीच्या रस्त्यावरून पायवाटेने चढून गेलं की आमची वाडी. भिकूदादाही आमच्याच वाडीचा, पण मिसरूड फुटायच्या आत मुंबईला गेलेला. गिरणीत नावाला कामगार, खरा गडी हुतूतूचा. त्या काळी गिरण्या हुतूतूचे संघ पाळायच्या, हौशी माणसाने शर्यतीचे बैल पाळावेत तशा. चांगला खेळाडू दिसला की नोकरी. काम बेताचं, खेळ जास्त. भिकूदादा म्हणे चढाईचा बादशहा होता. म्हणे म्हणजे तोच म्हणे. पुढे गुडघा गेला, आणि नुसता कामगार भिकू काही गिरणीला नको होता. कोट तेवढा घेऊन तो गावी परत आला.

दवाखान्यात पहिल्यांदा आला तो गुडघ्याला तेल मागायला. मी बाटली काढून चोळायला वाकलो, तर माझा हात धरून म्हणाला, "कंपाउंडर, हा साधा गुडघा नाय. ह्यानं गिरणीला ढाली मिळवून दिल्यात. आदी नमस्कार कर नि मग चोळ." मला हसू आलं. तो हसला नाही. काय करता, मी नमस्कार केला.

बोलायची त्याची एक तऱ्हा होती. एकदा बोलायला लागला की एका दमात सगळं सांगायचा. मध्ये थांबणं नाही, श्वास घेणं नाही. मुंबईची सबंध हकीकत, त्यात चाळ, खेळ, भांडण, जेवण, सगळं आलं, आणि शेवटी छाती रिकामी झाली की एकदम गप्प. मग बशीतला चहा उचलायचा. चढाईची सवय, दुसरं काय! आणि स्तुती करणं त्याच्या जिभेला ठाऊक नव्हतं. तुम्ही डोंगर उचलून आणून ठेवलात तरी तो बघून म्हणणार, "चालंल." हा त्याचा वरचा दर्जा. त्याच्यावर काही नाही.

आता आमच्या वाडीच्या संघाविषयी सांगायला हवं. आम्ही खेळायचो जीव तोडून, आणि दरवर्षी महाडच्या सामन्यांत पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत नाक घासून परत यायचो. समोरचा गडी "हुतूतू" करत आत आला की जो तो त्याच्यावर तुटून पडायचा. ज्याच्या हाताला लागेल त्याने धरावा, बाकीच्यांनी ओरडावं. आमच्यात जोत्या नावाचा एक पोरगा होता, विशीतला, अंगाने शिसवीच्या खांबासारखा. त्याने कंबर धरली की गडी सुटत नसे. पण धरली तर! चलाख गडी जोत्याच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही, दुसऱ्या टोकाचे दोघे बाद करून पसार व्हायचा, आणि जोत्या एकटाच मैदानात दंड थोपटत उभा असायचा.

भिकूदादा एका संध्याकाळी आमचा सराव बघायला येऊन बसला. बसायचा तो मधल्या रेषेच्या टोकाला, आखडलेला पाय पसरून. सबंध सराव बघितला. आम्हाला वाटलं, आता काही बोलेल. तो उठला, कोट काढून नीट घडी घालून दगडावर ठेवला, आणि "हुतूतू" म्हणत आमच्या अंगणात, म्हणजे रेषेच्या आमच्या बाजूला, आला.

त्या पायाने! आम्ही सातजण लाजून एकमेकांकडे बघतोय, म्हाताऱ्याला धरायचा कसा, लागेल त्याला. तेवढ्यात त्याने दोघांना बोट लावलं. मग आम्ही धावलो. तो न वाकणारा पाय त्याने असा काही फिरवला की शिवा, माझा जोडीदार, त्याच्यावर अडखळून पडला, त्याच्यावर मी, आणि जोत्याने जी कंबर पकडली ती माझी निघाली. भिकूदादा रेषेपलीकडे उभा राहून उरलेला दम "तू तू तू" करत संपवत होता.

"मला कशाची भीती वाटायची सांगू?" कोट घालता घालता तो म्हणाला. "जोत्यासारक्या रेड्याची नाय. रेडा दिसतो. आपण त्याच्याकडं जात नाय, फिनिश. मला भीती वाटायची माज्या पाठीची. पाठीमागची वाट हाय का गेली, ते बगायला मान वळवली की दम चुकायचा. तुमी सगळे माज्या तोंडाकडं बगताय. गड्याला कोण इचारतंय? त्याची परतायची वाट बंद करा."

ऐकायला सोपं. सात माणसांनी, एकमेकांकडे न बघता, एकदम फिरून वाट बंद करायची कशी? आम्ही आठवडाभर प्रयत्न केला आणि एकमेकांच्या पायात पाय घातले. आणि मग भिकूदादाने ती गोष्ट केली, जिच्यावरून सबंध वाडी त्याला हसली.

आमच्या वाडीला रस्ता नव्हता. माणूस आजारी पडलं, बाई अडली, की डोलीतून खाली आणायची. डोली म्हणजे लाकडी खुर्ची, तिला दोन लांब वासे बांधलेले. पुढे दोघे, मागे दोघे, आणि दोघे रिकामे बरोबर चालणारे. पुढचे दमले की हे डोली खाली न ठेवता, चालता चालताच खांदा बदलायचे. आणि सर्वांच्या पुढे एकजण मोकळा, हातात काठी. सुटा दगड, काटा, निसरडं, सगळं तो बघणार आणि सांगणार. वाडीतल्या प्रत्येक पुरुषाला हे काम येत होतं. त्यात शिकण्यासारखं काही आहे असं आमच्या कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

एके दिवशी भिकूदादाने ती डोली रस्त्यावर आणवली, कोटाच्या गुंड्या लावल्या, आणि खुर्चीत बसला. "उचला."

"कुटं दुखतंय दादा?" शिवाने विचारलं.

"कुटं दुकत नाय. घरी चला."

आम्ही त्याला वाडीपर्यंत चढवून नेला. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. धडधाकट माणूस पोरांच्या खांद्यावर बसून घरी जातो, ही बातमी पोलादपुरात पोचली. दवाखान्यात माणसं मला विचारायची, "कंपाउंडर, तुमच्या राजांची स्वारी आज किती वाजता?" त्याची बायको, आमची सीतावैनी, तर दारात उभी राहून ओवाळल्यासारखा हात फिरवायची. "या गो बायांनो, बगा! आमचं बाजीराव आलं. घरात सरपनाला हात लावत नाय नि गावच्या पोरांचं खांदं मोडतोय."

"तुला नाय कळायचं," भिकूदादा वरूनच म्हणायचा.

"मला कळतंय. तुमाला चालायला नको, ह्ये मला लगीन झाल्यापासनं कळतंय."

आम्हालाही तेच वाटत होतं. पण डोलीत बसून भिकूदादा काय करायचा? डोळे मिटून घ्यायचा आणि आमच्या चुका सांगायचा. "मागचा डावा, झोपलास काय?" "शिवा, खांदा बदलताना तुजा दचका बसला." "कंपाउंडर, बॅलन्स! बाटली नाय ती, माणूस हाय!" आणि रोज खाली उतरल्यावर एकच तक्रार: "मला झोप लागली नाय. डोली बरोबर चालली तर माणसाला झोप लागंल. ज्या दिवशी मला झोप लागंल, त्या दिवशी तुमाला सुट्टी."

खरी गंमत होती वळणावर. पायवाटेला उलट्या मुरडीचं वळण आलं की पुढच्यांनी जागच्या जागी पाय हलवायचे आणि मागच्यांनी लांबून फेर घ्यायचा. नाहीतर खुर्ची कलंडते. हे बोलून होत नाही. वाशातून कळतं. पुढच्याच्या खांद्याचा दाब मागच्याच्या मानेला सांगतो, आता फिर. एका संध्याकाळी अशाच वळणावर आम्ही फिरलो, अगदी पाणी हलणार नाही असे, आणि भिकूदादा वरून ओरडला, "थांबा! आता काय केलंत?"

"काय नाय, वळलो."

"एकमेकाकडं बगितलंत?"

"नाय."

"मग हेच मैदानात करा की रे, बैलांनो!"

मी खरं सांगतो, रोज करत होतो ते काम, आणि ते काय आहे ते आम्हाला त्या क्षणी दिसलं. त्या दिवसापासून मैदानात आमच्या तीन जोड्या झाल्या. हातात हात. डोलीतल्याच जोड्या, डोलीतलीच जागा. गडी आत आला की त्याच्याकडे न बघता आतली जोडी जागच्या जागी पाय हलवायची, बाहेरची लांबून फेर घ्यायची, आणि दार लावावं तशी त्याच्या पाठीमागची वाट मिटायची. हाताच्या पंजातून सगळं कळायचं.

आणि सातवा? सातवा, सर्वांच्या पुढे, एकटा, मोकळा. डोलीपुढे काठी घेऊन चालणाऱ्यासारखा. त्याने डाव्या कोपऱ्याकडे जरा पुढे उभं राहायचं, सहज हाताला लागेल असं वाटावं इतकं पुढे. गडी त्याच्याकडे आला की बोटभर अंतर ठेवून मागे सरायचं. फार मागे नाही, नाहीतर गडी नाद सोडतो. फार जवळ नाही, नाहीतर बाद. गड्याला नुसतं खोल आणायचं. पकड करायची नाही. हात लावायचा नाही.

त्या जागेवर भिकूदादाने कोणाला ठेवावं? जोत्याला. आमच्यातल्या एकमेव पकडबहाद्दराला!

ह्या नव्या खेळाची पहिली परीक्षा उमरठच्या बाजूला एका जत्रेत झाली, आणि तिथे आमची जी शोभा झाली ती त्या भागातले म्हातारे अजून सांगतात. पहिलाच गडी आत आला, जोत्याच्या मागे खोल गेला, दार लागलं. सहाजणांनी त्याला अल्लाद उचलला. अंग कसं हलकं झालं होतं आमचं! आता त्याला तसाच धरून उभं राहायचं, त्याचा दम संपेपर्यंत. पण खांद्यावर माणूस आला की आमच्या वाडीचे पाय थांबत नाहीत. सवयच ती. उचललं की चालायला लागायचं, आणि उताराकडे. मैदानाचा उतार होता मधल्या रेषेकडे. आम्ही पाऊल जुळवून, एकाही दचक्याशिवाय, त्या गड्याला डोलीतून न्यावं तसा त्याच्याच अंगणात पोचता केला. तो बिचारा वरून "हुतूतू" करतोच आहे! आणि ज्यांनी त्याला उचललं होतं ते सगळे बाद.

लोक हसून हसून लोळले. कोणीतरी ओरडलं, "अरे, सासरी सोडून या त्याला!" आम्हाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. भिकूदादाकडे बघायची हिंमत होईना. तो रेषेच्या टोकाला पाय पसरून बसलेला, कोटाच्या बाहीने डोळे पुसत होता. इतका हसत होता तो. "पाऊल मात्र चांगलं जुळलं," एवढंच म्हणाला. त्या दिवसानंतर आम्ही फक्त एक गोष्ट शिकलो, उचलायचं नाही. आणि त्यानंतर कोणाला हरलो नाही.

खरंच सांगतो, तो खेळ बघायला माणसं डोंगर उतरून यायची. कोणी दंड थोपटत नाही, कोणी आरोळी मारत नाही, सातजण नुसते फिरतात आणि मधला गडी एकाएकी अडकलेला असतो. समोरचे संघ वैतागायचे. कोणीतरी उठवलं की भिकूदादा मुंबईहून काही मंतरून आणलेलं कोटाच्या खिशात ठेवतो. त्याने ते मुद्दाम नाकारलं नाही.

वाडी खुशीत होती. खुशीत नव्हता तो जोत्या.

त्याचं कारण चंद्री. खालच्या अंगाच्या गावातली मुलगी, दोघांचं मन जुळलेलं, आणि ते सर्वांना ठाऊक. पण तिच्या बापाने स्वच्छ सांगितलं होतं, "पोरगा ब्येस हाय. पण डोंगरावर मुलगी देणार नाय. मुंबईला नोकरी लागू दे, दुसऱ्या दिवशी साखरपुडा." डोंगरउतारावर नाचणीच्या दळीत राबणाऱ्या जोत्याला कोण मुंबईला नोकरी देणार? एकच रस्ता होता. त्या वर्षी महाडच्या सामन्यांना मुंबईच्या गिरणीचा संघ येणार होता, भिकूदादाच्याच गिरणीचा, आणि त्यांचे साहेब गावाकडचे गडी हेरून नेणार होते. चंद्रीचा बाप दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता. त्यापुढे नाही.

जोत्या दवाखान्यात माझ्याकडे आला. "कंपाउंडरभाऊ, तुमीच सांगा त्यांना. साहेब पकडीचा गडी नेणार. मी पकड करणारा, नि मला काय काम? मागं मागं सरायचं! साहेबाला काय दिसणार, माजी पाठ?"

मी त्याला घेऊन भिकूदादाकडे गेलो. ऐकून घेऊन भिकूदादा म्हणाला, "तुज्या जागेवर दुसरा नाय."

"कुनी पण उभा राहील तितं. काय करायचं असतंय तितं?"

"म्हणून तर दुसरा नाय."

"दादा, माजं लगीन मोडंल हो!" जोत्याचा आवाज फुटला. एवढा दणकट पोरगा, खांबाला टेकून लहान मुलासारखा रडायला लागला. सीतावैनी आतून आली, नवऱ्याला म्हणाली, "सोडा की त्याला. एका खेळापायी पोराचं वाटोळं करताय?"

भिकूदादा गुडघा चोळत राहिला. मग म्हणाला, "मी पन एकटाच दिसत होतो, जोत्या. सगळ्यांना मीच दिसायचो. गुडघा गेला त्या दिवशी कुनालाच दिसलो नाय." आणि थोड्या वेळाने, "जागा सोडू नको. तुजं मी बगतो."

महाडला शेवटचा सामना गिरणीबरोबर पडला. ते पगारी गडी, एकसारख्या बनियनी, तेल लावलेली अंगं. आमच्यातले दोघे तर घरच्या पायजम्यावर. साहेब डाव्या कोपऱ्याजवळ खुर्चीत, म्हणजे जोत्याच्या हाताच्या अंतरावर. गर्दीत चंद्रीचा बाप, धुतलेली टोपी घालून. आणि मधल्या रेषेच्या टोकाला आमचा निळा कोट. साहेबांनी त्याला ओळखलं. "काय भिकू, कोट टिकलाय!" म्हणाले. भिकूदादाने उठून सलाम केला, आणि परत बसला.

शेवटच्या चढाईला आमचा एक गुण वर होता. त्यांचा सगळ्यात उंच, सगळ्यात तरबेज गडी आत आला. एक जरी बाद केला तरी बरोबरी, दोन केले की आम्ही गेलो. तो जोत्यावर गेला. जोत्या सरला. गड्याने पाय लांबवला, आणि त्याचा घोटा जोत्याच्या अगदी हाताखाली आला. झोपेतसुद्धा जोत्याने धरला असता असा घोटा. साहेब खुर्चीत पुढे वाकले. मला जोत्याचा हात निघालेला दिसला. माझ्या पंजातला शिवाचा पंजा घट्ट झाला. त्यालाही दिसला होता.

जोत्याने हात मागे घेतला. आणि एक पाऊल सरला.

गडी आणखी खोल आला. आतली जोडी जागच्या जागी, बाहेरची लांबून, पायवाटेच्या वळणावर फिरायचो तसे आम्ही फिरलो. गड्याने मान वळवली. वाट नव्हती. इकडे झेप घेऊ पाहिली, दार तिकडे सरकलं. तिकडे वळला, तिकडे जोडी आधीच होती. आम्ही त्याला धरला नाही, हात लावला नाही. तो मधोमध उभा राहून नुसता फिरत होता, आणि त्याचं "हुतूतू" बारीक होत होत गेलं, आणि बंद पडलं.  आधी कोणाला कळलंच नाही काय झालं ते. मग जो गलका झाला तो सावित्री नदीच्या पार ऐकू गेला असेल.

मी आयुष्यात पुष्कळ सामने पाहिले. न शिवता केलेली पकड पुन्हा पाहिली नाही.

साहेब आले. शिवाच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "हा मला द्या. आणि हा दुसरा मधला." दुसरा मधला म्हणजे मी. मी म्हटलं, "साहेब, माझी दवाखान्यात नोकरी आहे." जोत्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. जोत्या मैदानाच्या कडेला उकिडवा बसून गवत उपटत होता. चंद्रीचा बाप टोपी सारखी करून निघायच्या बेतात होता.

भिकूदादा पाय फिरवत आला. "साहेब, तुमच्या त्या उंच गड्याला अजून दम हाय?"

"का रे?"

"परत पाठवा आत. आता आमचा राखीव पोरगा उभा करतो जोत्याच्या जागंवर. बाकी सगळे तेच. तुमी फक्त बगा."

उंच गडी चिडलेलाच होता. आला. राखीव पोराने हौसेने त्याचा घोटा धरला. गड्याने एक हिसका दिला, आमच्या तिघांना शिवून परत गेला. "आणिक एकदा," भिकूदादा म्हणाला. ह्या वेळी पोरगा घाबरून फार मागे पळाला. गडी त्याच्या मागे गेलाच नाही. कडेची जोडी बाद करून आरामात परत. तेच सहाजण, तेच दार, आणि त्याला कोयंडाच नाही!

"जोत्या, ऊठ," भिकूदादा म्हणाला.

जोत्या जागेवर उभा राहिला. गडी आला, आणि अडकला. परत आला, परत अडकला. साहेब खुर्ची सोडून मैदानात आले. जोत्याला बाजूला करून त्याच्या जागेवर स्वतः उभे राहिले, बूट घालून, आणि तिथून चारी बाजूंना बघत राहिले. "पण हा करतो काय नेमकं?"

"काय करत नाय साहेब. तेच कुनाला जमत नाय."

साहेबांनी शिवाला नेलं, आणि जोत्याला नेलं. साखरपुडा दुसऱ्या दिवशी नाही, पण त्याच महिन्यात झाला.

परतीच्या वाटेवर मी भिकूदादाच्या बाजूने चालत होतो. मला राहवलं नाही. "दादा, दोघे गेले. आपल्या संघाचं काय आता?"

"मोडला."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुला काय वाटलं, साहेबाला जोत्याची किंमत मी दाखवली ती येड्यासारकी?" तो थांबला, पाय सरळ केला. "पोराचं लगीन होऊ दे, कंपाउंडर. हुतूतू काय, आपन परत शिकवू." ज्या माणसाने मैदानात एवढं साम्राज्य उभं केलं त्याने ते एका संध्याकाळी असं देऊन टाकलं. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. देवळातल्या देवाकडेही मी कधी तसं बघितलेलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. भिकूदादा रेषेच्या टोकाला बसून होता. सामना संपल्यावर उठला, म्हणाला, "चालंल."

मग काही वर्षं गेली. गुडघा फारच बिघडला. सूज उतरेना, ताप येऊ लागला. डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईला न्या. जोत्याने तिकडे इस्पितळात सगळं ठरवलं आणि शिवाला घेऊन तो स्वतः न्यायला आला. चंद्रीने जाडजूड गोधडी पाठवली होती. सकाळच्या एस.टी.ला पोचायचं म्हणून उजाडताच आम्ही डोली बांधली. सीतावैनीने त्याच्या अंगात कोट घातला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या. या वेळी तिने ओवाळल्यासारखा हात फिरवला नाही. "सांबाळून न्या रे," एवढंच म्हणाली, आणि गाठोडं डोक्यावर घेऊन मागून चालू लागली.

त्याच तीन जोड्या. पुढे जोत्या, हातात काठी. "सुटा दगड, डाव्या अंगाला." "निसरडं हाय." मुंबईला राहून त्याचा आवाज बदलला होता, पण पाऊल तेच. आमच्या कोणाच्याही खांद्याला सवय उरली नव्हती, पहिल्या चढउताराला मान भरून आली. वरून शिवी ऐकायला मी कान लावून होतो. मागचा डावा झोपलास काय, कंपाउंडर बॅलन्स. काही नाही. उलट्या मुरडीच्या वळणावर आम्ही फिरलो. चालता चालता दोनदा खांदा बदलला. वरून एक शब्द नाही.  दुखणं फार असेल, तोंड उघडवत नसेल, नाहीतर आणखी वाईट काही.

रस्त्याला लागलो तेव्हा एस.टी. उभीच होती. मी मागचा डावा. मान वळवून वर बघितलं.

भिकूदादा झोपला होता. तोंड किंचित उघडं, कोटाचा गळा वरखाली होतोय, आणि चक्क घोरत होता.

"शिवा," मी हळूच म्हटलं, "बघ."

शिवाने बघितलं. एकेक करून सगळ्यांनी बघितलं. सीतावैनी तोंडाला पदर लावून उभी राहिली. कोणी डोली खाली ठेवायला तयार होईना. ड्रायव्हरने भोंग्यावर हात नेला, तर जोत्या काठी टाकून धावत त्याच्या खिडकीशी गेला आणि दोन्ही हात जोडून उभा राहिला. ड्रायव्हरने हात मागे घेतला.

मुंबईहून भिकूदादा परत आला नाही. माझ्यापुरता तो तिथेच आहे, रस्त्याच्या कडेला, आमच्या खांद्यावर, निळा कोट घालून गाढ झोपलेला. गाडीतली माणसं खिडक्यांतून बघत होती आणि आम्ही सगळे पाय न हलवता उभे होतो.